तालमीला जागा

२०२४ च्या दिवाळीत कोल्हापूरला गेले, तेव्हा मामांनी फराळाचं ताट पुढं केलं नाही. मी पायांतली चप्पल काढायच्या आत म्हणाले, "चल, आधी केशवरावला जाऊन येऊ." आमच्याकडं नाट्यगृहाचं नाव असंच घेतात, घरातल्या माणसाचं घ्यावं तसं.

८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा मी पुण्यात होते. फोनवर येणाऱ्या चित्रफिती एकामागून एक बघता बघता पहाट झाली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. मामा त्या रात्री रस्त्यावरच्या गर्दीत उभे होते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले माझे मामा आयुष्यात एकदाही तोंडाला रंग लावून प्रेक्षकांपुढं आले नाहीत, पण चाळीस वर्षं गावातल्या हौशी संस्थांची नाटकं त्यांनी विंगेतून पाहिली. फ्लॅट उभे करायचे, प्रॉपर्टीची यादी सांभाळायची, तिसरी घंटा द्यायची, पडदा ओढायचा. मी पुण्यात छोट्या जागांत नाटकं करते. शहरानं नाटकासाठी काय करावं, यावरून आमचं दोघांचं कधीच जमलेलं नाही. त्या संध्याकाळी खासबागेच्या बाजूला कट्ट्यावर बसून जे बोलणं झालं ते आठवेल तसं इथं लिहिते आहे.

मामा : समोरचं दगडी काम उभं आहे बघ. १९१५ सालचं. तेव्हा नाव पॅलेस थिएटर होतं. शाहू महाराजांनी नाटकाला हे दिलं आणि कुस्तीला शेजारचं खासबाग मैदान. भिंतीला भिंत लागून. नाटकवाला आणि पैलवान असे शेजारी दुसऱ्या कुठल्या गावात आहेत, सांग मला.

मी : नाहीत. आणि मामा, हे परत उभं राहावं असं मलाही वाटतं. सरकारनं मदत जाहीर केली आहे, जसंच्या तसं बांधू म्हणताहेत, बांधतीलही. माझा प्रश्न आग लागायच्या आदल्या दिवसाबद्दल आहे. ७ ऑगस्टला कोल्हापुरात नाटक कसं चाललं होतं?

मामा : म्हणजे?

मी : म्हणजे नाटक बसवणारी मुलं कुठं बसवत होती? मी कॉलेजात असताना आमच्या गटानं एक दोन अंकी नाटक पंचेचाळीस दिवसांत बसवलं. तुम्हाला ठाऊक आहे. पहिले काही दिवस एकाच्या गच्चीवर. अवकाळी पाऊस आला, तेव्हा अर्धवट बांधलेल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खालून वायर ओढून एक बल्ब लावला. मग लग्नसराई नव्हती म्हणून एका मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर मिळालं. तिथं वास असा, की आमची नायिका मळमळतंय म्हणून दर अर्ध्या तासानं बाहेर जायची. स्पर्धेला बारा दिवस उरले तेव्हा एक बरा हॉल मिळाला होता. कुणाची तरी सभा ठरली आणि सकाळी फोन आला, आजपासून येऊ नका. केशवरावच्या रंगमंचावर आम्ही दोनदाच उभे राहिलो. एकदा रंगीत तालमीला, तीही अर्धीच झाली, आणि एकदा प्रयोगाला. उरलेले त्रेचाळीस दिवस हे शहर आमच्यासाठी कुठं होतं?

मामा : त्या दोन दिवसांसाठीच तर तुम्ही त्रेचाळीस दिवस गच्चीवर काढलेत. हे नसतं तर गच्चीवर तरी कशाला चढला असता? राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. इथं प्राथमिक फेरी लागली, की कारखान्यातला फिटर, बँकेतला कॅशियर, झेडपीतला क्लार्क, सगळे रजा टाकायचे. केशवरावच्या स्टेजवर, जिथं संगीत नाटकाची मोठमोठी माणसं उभी राहिली, तिथं आपण उभं राहायचं म्हणून. मी विंगेत उभा राहून त्यांचे पाय बघायचो. पहिल्या एन्ट्रीला पाय थरथरायचे. मंगल कार्यालयाच्या हॉलात कुणाचे पाय थरथरत नाहीत गं.

हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही खोडता आलं नाही आणि आता लिहितानाही येत नाही. मोठ्या रंगमंचाचा दरारा असतो आणि तो हौशी नटाला लागतोच. पण मामा तिथंच थांबणारे नव्हते. त्यांच्या मनात आगीच्या रात्रीपासून एक गोष्ट घोळत होती.

मामा : मी त्या रात्री काय विचार करत होतो सांगू? या गावातनं काय काय गेलं, त्याची यादी करत होतो. अल्लादिया खाँसाहेब महाराजांचे दरबार गवई. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई धरली. त्यांचा काय दोष? आश्रय देणारा गेला की आश्रय गेला. पुढं प्रभात फिल्म कंपनी. १९२९ साली इथं कोल्हापुरात निघाली. बोलपट इथं केले, 'अयोध्येचा राजा' इथं केला. १९३३ साली चंबूगबाळं आवरून पुण्याला गेली. आज तुझ्या पुण्यात त्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. जयप्रभा स्टुडिओ गांधीहत्येनंतर १९४८ साली लोकांनी जाळला. भालजी पेंढारकरांनी हिमतीनं परत उभा केला. पण जागा खासगी, त्यामुळं ती वाचवायला अलीकडं कलाकारांना रस्त्यावर बसावं लागलं. राजाश्रय राजाबरोबर जातो, कंपनी धंद्यामागं जाते, खासगी जागा मालक बदलला की हातातनं सुटते. एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट गाव सोडून गेली नाही. ही इमारत. का? कारण ती सगळ्यांची झाली होती. नगरपालिकेची झाली, पुढं महापालिकेची. कुणी उठून हिला विकायला काढू शकत नव्हतं. म्हणून म्हणतो, शहरानं कलेला काही द्यायचं तर आधी असं द्यावं जे उचलून नेता येणार नाही.

मी : आणि ते जळालं.

एवढं बोलून मी गप्प झाले. बोलायला नको होतं. मामांनी नाट्यगृहाकडं पाहिलं आणि थोड्या वेळानं तेच म्हणाले, "हं. जळालं."

मी : मामा, तुमच्या यादीत एक नाव राहिलं. तानीबाई कागलकर.

मामा : त्यांचं काय?

मी : बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता तेव्हा पैसे कुणी दिले? तानीबाईंनी. एका गायिकेनं. आणि बाबूराव मुळात कोण? नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव, दोघंही. पडदे रंगवता रंगवता त्यांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली गेले आणि बाबूरावांनी इथंच, कोल्हापुरात, स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी, मग १९२० सालचा 'सैरंध्री'. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर सगळे त्या कंपनीत घडले आणि तिथून बाहेर पडून त्यांनी प्रभात काढली. आता बघा. नाटकाला पडदे लागतात म्हणून चित्रकार जगतो. चित्रकार यंत्राशी खटपट करतो. गाणारी बाई त्याला पैसे देते. त्याच्या हाताखालची पोरं पुढची कंपनी काढतात. नाटक, चित्र, गाणं, सुतारकाम, लोहारकाम, सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होतं म्हणून हे घडलं. यातलं किती एका इमारतीनं केलं?

मामा : ते हाकेच्या अंतरावर आले कशाला? महाराजांनी गवई आणले, चित्रकारांना काम दिलं, पैलवानांना खुराक दिला म्हणून. आबालाल रहिमान इथंच राहून चित्रं काढत राहिले. तुझी माणसं आधी गावात टिकायला नकोत का?

मी : बरोबर. म्हणजे महाराजांनी इमारतीखेरीज आणखी पुष्कळ केलं. ते मात्र आपण विसरलो. इमारत दिसते, म्हणून लक्षात राहते.

इथं मामांनी मान हलवली. होकार होता की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही. समोर खासबागेची भिंत होती. त्या भिंतीकडं बघताना मला जे सुचलं ते खरं तर माझ्या लहानपणापासून माझ्यापुढं होतं. आमचं घर पेठेत. गल्लीच्या तोंडाला तालीम. पहाटे दंड-बैठकांचे हुंकार, तांबडी माती, तेलाचा वास. आणि घरी मामा सांगायचे, आज तालीम आहे, उशीर होईल. ती नाटकाची. माझा लहानपणी सारखा गोंधळ व्हायचा, मामा आज कुस्तीला गेलेत की नाटकाला.

मी : मामा, खासबाग मैदान १९१२ सालचं ना?

मामा : हो. महाराज १९०२ साली युरोपात गेले होते. रोमची मैदानं बघून आले, त्यावरनं.

मी : पण नुसतं खासबाग बांधून पैलवान झाले असते का? गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, पेठापेठांतल्या तालमी होत्या म्हणून खासबागेत कुस्त्या लागल्या. पोरगं दहाव्या वर्षी तालमीत जातं, दहा-बारा वर्षं मातीत लोळतं आणि मग त्यातला एखादा खासबागेत उतरतो. मैदान एक, पण त्याच्यामागं तालमी किती! नाटकाचं आपण उलटं केलं. मैदान बांधलं आणि तालमीला जागाच ठेवली नाही. शब्द तोच आहे मामा. कुस्तीची तालीम म्हटलं की पत्ता सांगता येतो. नाटकाची तालीम म्हटलं की विचारावं लागतं, आज कुणाकडं?

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं पटलं. नव्हतं पटलं.

मामा : उदाहरण चांगलं दिलंस. पण अर्धंच दिलंस. तालीम म्हणजे खोली वाटते तुला? वस्ताद नसेल तर ती नुसती गोदामासारखी खोली आहे. पोरगं आलं की त्याच्या मांड्या बघणारा, खुराक ठरवणारा, चार दिवस आला नाही तर घरी जाऊन विचारणारा माणूस लागतो. एखाद्या तालमीतला वस्ताद गेला आणि मागं कुणी उभा राहिला नाही, तर आखाड्याला कुलूप लागायला किती दिवस लागतात? उद्या शहरानं पेठापेठांत नाटकाच्या खोल्या बांधून दिल्या, कुलपं लावली, किल्ल्या कचेरीत ठेवल्या. कोण चालवणार?

मी : तुम्ही.

मामा : माझं वय बघ.

मी : तुमच्यासारखी आणखी दहा माणसं मी आत्ता मोजून दाखवते. प्रकाशयोजना करणारे, मेकअप करणारे, ऑर्गन वाजवणारे. सगळी निवृत्त, सगळी घरी. कुणीही त्यांना विचारलेलं नाही की संध्याकाळी दोन तास येता का, पोरांना शिकवता का. महोत्सव असला की शाल-नारळ देऊन सत्कार होतो. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस हा माणूस मोकळा आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

मामांना सत्काराचा विषय फारसा आवडत नाही. त्यांनी तो तिथंच सोडून दिला आणि मला पुण्याबद्दल विचारलं. तिथं काय वेगळं आहे? मी सांगितलं, महापालिकेनं १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर बांधलं. आता ते पाडून मोठं संकुल करावं की आहे तेच नीट राखावं, यावर वर्षानुवर्षं वाद आहे. त्या वादातही खुर्च्या किती, पार्किंग किती हेच बोललं जातं. मला स्वतःला जगवलं ते सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेनं, जिथं प्रेक्षक हाताच्या अंतरावर बसतो आणि फसलेलं नाटकही पन्नास माणसांपुढं फसतं, हजारांपुढं नाही. नव्या माणसाला फसायला मिळणं फार गरजेचं असतं. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं भरून कुणी फसायला धजत नाही. तो ओळखीचा विनोद घेतो, ओळखीचा शेवट घेतो आणि तिकीट खपवतो.

मामा : मग छबिलदासचं काय झालं? १९७० च्या दशकात आविष्कार या नाट्यसंस्थेनं दादरच्या शाळेच्या हॉलात एवढी चळवळ उभी केली. हॉल सुटला आणि छबिलदास संपलं. छोटी जागा कुणाच्या तरी मेहेरबानीवर असते, म्हणून ती जाते. मी तेच म्हणतोय मघापासून. हक्काची जागा पाहिजे.

मी : छबिलदास सुटल्यावर आविष्कार कुठं गेलं, आठवतं का?

मामा : माहीमला.

मी : माहीमला कुठं?

मामा : महापालिकेच्या शाळेत.

हे त्यांच्याच तोंडून आलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मोठ्या सरकारी इमारतीवर श्रद्धा असलेले मामा आणि छोट्या खोल्यांचा ध्यास घेतलेली मी, दोघांनाही हवं होतं ते तिथं होतं. जागा शहराची, म्हणजे कुणी एकटा विकणार नाही. आणि जागा छोटी, म्हणजे तिथं बिचकत बिचकत काहीतरी करून पाहता येईल. नवं बांधकाम नको, भूमिपूजन नको. कोल्हापुरात काय किंवा दुसऱ्या कुठल्या शहरात काय, महापालिकेच्या शाळा पेठेपेठेत आहेत आणि संध्याकाळी सहानंतर त्यांना कुलूप असतं. त्या वर्गांत पंखा आहे, दिवा आहे, फरशी आहे. गच्चीवर पाऊस येतो, तिथं येत नाही.

मी हे भराभर बोलत होते. मामा मात्र मास्तर होते. तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला रिकामा वर्ग माझ्यासारखा दिसत नाही.

मामा : थांब. तू म्हणतेस ते मला आवडलंय, म्हणूनच विचारतो. मी हेडमास्तर आहे असं समज. तुझा गट आला, हॉल द्या म्हणाला. मी देत नाही. का देत नाही?

मी : तुमचा नाटकाला विरोध आहे?

मामा : नाही. मला नाटक आवडतं. मी देत नाही, कारण रात्री खिडकीची काच फुटली तर सकाळी लेखी जबाब मला द्यायचा आहे. शिपाई सहाला घरी जातो, त्याला साडेदहापर्यंत थांबवायचं तर जादा पैसे कुठल्या खात्यातनं? विजेचं बिल वाढलं की हिशेब तपासणारा विचारणार, कशानं वाढलं. आज तुला दिला, तर उद्या एखादा पुढारी कार्यकर्त्यांच्या बैठकीला मागणार. त्याला नाही म्हणायची माझी टाप नाही, म्हणून तुलाही नाही म्हणतो. तुला वाटतं शहराला कलेची किंमत नाही. पुष्कळदा तसं नसतं. 'हो' म्हणणाऱ्या माणसाला शहर एकटं पाडतं, एवढंच असतं. महाराजांच्या काळी हुकूम निघाला की हाताखालचा माणूस निर्धास्त असायचा. आता किल्ली देणाऱ्याच्या पाठीशी कोण आहे?

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी फोन करून आमचा हॉल काढून घेणाऱ्या माणसावर मी कित्येक वर्षं राग धरून होते. त्याच्या मागं कोण उभं होतं, किंवा कुणीच नव्हतं, हा विचार मी कधी केला नव्हता. धोरण, अनुदान, महोत्सव हे शब्द आम्ही परिसंवादांतून किती वापरतो. एका शिपायाचे साडेचार तास कुणाच्या खर्चात धरायचे, हा प्रश्न मी एकाही परिसंवादात ऐकलेला नाही.

मी : मग हेडमास्तर 'हो' कधी म्हणतील?

मामा : वरून लेखी असेल तर. वर्षातले कुठले महिने, आठवड्यातले कुठले वार, किती ते किती, ते छापून शाळेच्या दारावर लावलं असेल तर. म्हणजे कुणी पुढारी आला की मी बोट दाखवीन, हे वार नाटकाचे, बदलता येत नाहीत. शिपायाचा जादा भत्ता आणि वीज महापालिकेच्या सांस्कृतिक खर्चातून येत असेल तर. आणि गटाच्या बाजूनं एक जबाबदार माणूस असेल तर, जो पोरांच्या आधी येईल आणि पोरांच्या नंतर जाईल.

मी : वस्ताद.

मामा : वस्ताद म्हण, काही म्हण.

मी : आणि केशवराव?

मामा : ते बांधायचंच. त्यात तडजोड नाही. पण बांधून झाल्यावर कायमचा इलेक्ट्रिशियन पाहिजे, रोज वायरिंग बघणारा. दहा वर्षांनी एकदा नूतनीकरण करून भागत नाही. आणि नवं नाटक करणाऱ्या पोरांना रंगीत तालमीसाठी अख्खा दिवस पाहिजे, अर्धा नाही. बारा वाजता स्टेज मिळालं आणि सहाला प्रयोग, यात सेट तरी उभा राहतो का?

अंधार पडला होता. खासबागेच्या बाजूनं भेळेच्या गाड्यांवरचे दिवे लागले होते. मामांनी खिशातून वही काढली. तळहाताएवढी, वर रबर लावलेली. प्रत्येक नाटकाची प्रॉपर्टी त्यांनी अशाच वह्यांत लिहिली आहे. कंदील एक, चिठ्ठी दोन, पाण्याचा तांब्या पितळी. कोऱ्या पानावर त्यांनी वर पेठेतल्या त्यांच्या जुन्या शाळेचं नाव लिहिलं आणि खाली आकडे मांडायला लागले. शिपाई, साडेचार तास. दोन ट्यूब, चार पंखे. आठवड्यातले तीन वार. परीक्षांचे महिने वगळून.

मी म्हटलं, "पहिल्या वर्षी एकच शाळा धरू."

"एकच," ते म्हणाले, "आणि हे बघ, जमीन मोकळी करायला बाकं सरकवावी लागणार. सकाळी सातला पहिलीची पोरं येतात. रात्री बाकं परत लावायची कुणी, ते आधी लिही."

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि माझं नाव लिहिलं. त्यांनी ते वाचलं, म्हणाले, "तू पुण्यात असतेस," आणि त्यापुढं स्वतःचं नाव घातलं.